कर्करोग परिषदांमधून वऱ्हाडाला काय मिळते?

वैद्यकीय परिषद म्हटली, की सर्वसामान्य वाचकाच्या डोळ्यांसमोर वातानुकूलित सभागृह, दीपप्रज्वलन आणि पुष्पगुच्छ एवढेच चित्र उभे राहते. अकोल्यातील एखाद्या रुग्णालयाच्या ओसरीवर बायोप्सीचा अहवाल हाती घेऊन बसलेल्या शेतकऱ्याचा अशा सोहळ्याशी संबंध काय, असा प्रश्न त्यामुळे स्वाभाविकच ठरतो. तथापि, गेल्या पंचवीस वर्षांतील कर्करोग संशोधनाचा मागोवा घेतल्यास त्या शेतकऱ्यावर कोणती शस्त्रक्रिया व्हावी, त्याच्या औषधाला किती पैसे पडावेत आणि त्याच्या मुलाने पानटपरीपासून दूर का राहावे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे अशाच बैठकांतून पुढे आलेली दिसतात.

प्रारंभ पानटपरीपासूनच करावा. तंबाखू, सुपारी आणि चुना एकत्र घोटून तयार होणारा खर्रा अमरावती-अकोल्यात गल्लोगल्ली मिळतो. तंबाखू घातक हे बहुतेकांना मान्य असते. सुपारी मात्र पाहुण्यांपुढे ठेवण्याची, निरुपद्रवी वस्तू मानली जाते. विज्ञानालाही दीर्घकाळ याबाबत ठाम बोलता येत नव्हते. जागतिक आरोग्य संघटनेच्या फ्रान्समधील लिऑन येथील कर्करोग संशोधन संस्थेने १९८०च्या दशकात तंबाखूयुक्त पान कर्करोगकारक ठरविले. परंतु तंबाखूविरहित पानाविषयी पुरेसा पुरावा नसल्याचे नमूद केले. अडचण उघड होती. भारतात सुपारी आणि तंबाखू बहुधा जोडीनेच तोंडात जातात. मग दोष नेमका कोणाचा, हे वेगळे कसे काढणार? उत्तर मिळाले ते तैवानमधून. तेथे सुपारी तंबाखूविना चघळली जाते आणि तरीही तोंडाचा कर्करोग होतो. २००३ मध्ये लिऑन येथे विविध देशांचे तज्ज्ञ पुन्हा एकत्र बसले, सर्व पुरावा पडताळला गेला आणि सुपारी स्वतःच कर्करोगकारक असल्याचा निष्कर्ष निघाला. एकट्या भारताच्या आकडेवारीतून ही गाठ सुटणे कठीण होते.

दुसरे उदाहरण शस्त्रक्रियेचे आहे. तोंडाचा कर्करोग प्रारंभिक अवस्थेत असेल, तर शल्यविशारद तोंडातील गाठ काढतात. पण हा रोग तोंडातून प्रथम मानेतील लसिकाग्रंथींकडे सरकतो. मानेला हाताला काही लागत नसतानाही त्या ग्रंथी त्याच वेळी काढाव्यात, की पुढे गाठ दिसली तरच मानेची शस्त्रक्रिया करावी, यावर जगभरातील तज्ज्ञांत अनेक दशके मतभेद होते. एका पक्षाचे म्हणणे असे, की अनेकांना मानेची शस्त्रक्रिया विनाकारण सोसावी लागेल. दुसऱ्या पक्षाच्या मते थांबणे म्हणजे रोगाला वेळ देणे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात २००४ पासून सुमारे दहा वर्षे रुग्णांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत विभागणी करून हा प्रश्न तपासण्यात आला. पहिल्या ५०० रुग्णांच्या विश्लेषणात तीन वर्षांनंतर, ग्रंथी आधीच काढलेल्या गटातील ८० टक्के रुग्ण हयात होते. वाट पाहिलेल्या गटात हे प्रमाण ६७.५ टक्के होते. डॉ. अनिल डिक्रूझ यांनी २०१५ मध्ये शिकागो येथील अमेरिकन कर्करोगतज्ज्ञांच्या वार्षिक परिषदेत हे निष्कर्ष मुख्य सत्रात मांडले आणि जुन्या वादाचे पारडे एका बाजूला झुकले.

वऱ्हाडाच्या दृष्टीने या निष्कर्षाला विशेष अर्थ आहे. वाट पाहण्याची पद्धत चालायची, तर रुग्णाने ठरल्या तारखांना नियमाने तपासणीस यावे लागते. अकोल्याहून नागपूर सुमारे अडीचशे किलोमीटर आणि मुंबई जवळपास पावणेसहाशे किलोमीटर. पेरणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत ही तारीख चुकते. एकाच वेळी पूर्ण शस्त्रक्रिया होणे हे अशा रुग्णासाठी अधिकच मोलाचे ठरते.

मात्र संशोधन महानगरातील रुग्णालयातच होते, असेही नाही. बार्शी येथे १९८७ मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम तालुक्यांतील ३४६ गावांत कार्यकर्ते स्वतः जाऊन लक्षणांची माहिती देत आणि रुग्णांची नोंद घेत. या अनुभवाच्या बळावर टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय आणि लिऑनची संस्था यांनी तत्कालीन उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश असलेली गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची चाचणी हाती घेतली. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, एचपीव्ही या विषाणूची एकदाच तपासणी केलेल्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. तपासणीचा लाभ न मिळालेल्या तुलनागटाच्या वाट्याला अधिक मृत्यू आले, म्हणून या चाचणीवर नैतिक आक्षेपही घेतले गेले. त्या भागात स्त्रियांना एरवी कोणतीही तपासणी उपलब्ध नव्हती, ही संशोधकांची बाजू. परंतु सहकार्यात गरिबाची भूमिका केवळ आकड्यापुरती राहू नये, हा आक्षेपामागचा मुद्दा आजही विसरता येणार नाही.

निष्कर्ष परिषदेत मांडला गेला म्हणजे तो जिल्ह्याच्या रुग्णालयात पोहोचला असे होत नाही. हे अंतर कमी करण्यासाठी २०१२ मध्ये टाटा स्मारक रुग्णालयाच्या पुढाकाराने राष्ट्रीय कर्करोग ग्रीड स्थापन झाले. आज त्यात तीनशेहून अधिक संस्था आहेत. कोणत्या अवस्थेत कोणते उपचार द्यावेत, याची समान मार्गदर्शक तत्त्वे ग्रीडने तयार केली. गुंतागुंतीच्या रुग्णाची चर्चा दूरसंवादाद्वारे होते. शल्यविशारद, किरणोपचारतज्ज्ञ, औषधोपचारतज्ज्ञ आणि विकृतीशास्त्रज्ञ एकाच वेळी त्याचे अहवाल पाहतात. ग्रीडमधील २३ केंद्रांनी ४० औषधांची एकत्रित खरेदी केली, तेव्हा सुमारे १,३२० कोटी रुपयांची बचत झाल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदविले आहे. स्वतंत्रपणे घासाघीस करणाऱ्या एकट्या रुग्णालयाला हे साधले नसते.

या साऱ्या चित्रात वऱ्हाड कोठे आहे? राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या २०२० च्या अहवालात महाराष्ट्रातील मुंबई, पुणे, नागपूर, औरंगाबाद, वर्धा, बार्शी आणि उस्मानाबाद-बीड येथील लोकसंख्याधारित नोंदणीचे आकडे आहेत. अमरावती विभागातील पाचपैकी एकही जिल्हा त्यात नाही. याचा परिणाम समजून घेण्यासारखा आहे. दर्यापूरचा रुग्ण नागपुरात उपचार घेतो तेव्हा त्या रुग्णालयाच्या दप्तरात त्याचे नाव चढते. परंतु नागपूरची लोकसंख्याधारित नोंदणी तेथील रहिवाशांपुरतीच असते. हा रुग्ण ना नागपूरच्या प्रमाणात धरला जातो, ना अमरावतीच्या. येथे खर्ऱ्यामुळे किती तरुण आजारी पडतात, ते कोणत्या अवस्थेत रुग्णालयात पोहोचतात, उपचार अर्धवट किती सोडतात, हे आकड्यांत मांडता येत नाही. आणि जे मांडता येत नाही, त्यावर कोणत्याही परिषदेत चर्चा होत नाही.

अशा नोंदणीसाठी आधी मोठी इमारत उभारावी लागत नाही, हे बार्शीने दाखविले आहे. रुग्णालये आणि प्रयोगशाळांचे अहवाल, ग्रामपंचायतीच्या मृत्यूनोंदी आणि गावोगाव फिरणारे प्रशिक्षित कार्यकर्ते एवढी तिची मूळ सामग्री. अकोल्यात २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुख स्मारक वैद्यकीय महाविद्यालय आहे आणि २०२४ मध्ये शासकीय महाविद्यालयाचीही भर पडली. मनुष्यबळाचा पाया त्यामुळे उपलब्ध आहे.

अमरावती जिल्ह्यातील शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांच्या नावाची दादरची धर्मशाळा आजही टाटा रुग्णालयात आलेल्या कर्करुग्णांना आणि त्यांच्या नातेवाइकांना आसरा देते. घरापासून दूर उपचार घेणाऱ्याची विवंचना बाबांनी ओळखली होती. धर्मशाळेची गरज लवकर संपणार नाही. परंतु वऱ्हाडातील किती माणसांना तेथवर जावे लागते आणि त्यांपैकी किती जण वेळेवर पोहोचतात, याचा हिशेब वऱ्हाडातच ठेवला गेला, तर पुढील परिषदेत येथील डॉक्टर श्रोत्यांच्या रांगेतून उठून स्वतःचा प्रश्न मांडू शकतील.