उजव्या पिळाचा डीएनए

सकाळी ७
चहाबरोबर शोधनिबंध. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेचं बोधचिन्ह करते आहे. तुटलेला डीएनए पेशी कसा जोडते, हा त्यांचा विषय. पेन्सिल हातात घेण्याआधी गटाचा एक तरी निबंध मी वाचतेच. सगळा कळत नाही, पण सारांश, आकृत्या आणि शेवटची चर्चा वाचली की त्यांचा प्रश्न हाती लागतो. सूक्ष्मदर्शक सगळ्याच प्रयोगशाळांत असतो. गटाला वेगळेपण देतो तो त्याचा प्रश्न.

सकाळी ९
कच्ची रेखाटनं. आधी सरधोपट चित्रं बाजूला सारते: चंचुपात्र, विजेचा दिवा, केंद्राभोवती लंबवर्तुळांत फिरणारे इलेक्ट्रॉन. अणूचं हे चित्र रदरफर्ड आणि बोर यांच्या काळातलं, १९११ ते १९१३ च्या सुमाराचं. १९२० च्या दशकात पुंजयामिकीने त्या ठरीव कक्षा मोडीत काढल्या. आज संशोधन करणाऱ्या गटाच्या छातीवर ते चित्र लावावंसं मला वाटत नाही.

सकाळी ११
प्रयोगशाळेत बैठक. गटाच्या प्रमुख मॅडम, एक पोस्टडॉक, पीएचडीची मुलं. मी दोन रेखाटनं टेबलावर ठेवते. एकात डीएनएचा एकच धागा तुटलेला, दुसऱ्यात दोन्ही. एक विद्यार्थिनी लगेच दुसऱ्यावर बोट ठेवते. “ताई, एकच तुटला तर समोरचा बघून भरता येतो. आम्ही दोन्ही तुटल्यावर काय होतं ते बघतो.” ती समजावते, की त्यांच्या अभ्यासातल्या दुरुस्तीत पेशी तोच मजकूर असलेला दुसरा, अखंड रेणू शोधते आणि हरवलेला भाग त्यावरून उतरवून घेते. म्हणजे चिन्हात दोन रेणू हवेत, एक तुटका आणि एक अखंड. रचना इथेच ठरते.

दुपारी १
स्टुडिओत, संगणकावर. पहिली खातरजमा पिळाची. पेशीत सर्रास आढळणारा डीएनए उजव्या पिळाचा असतो. उभा धरला तर पुढून दिसणारा धागा खालून डावीकडून वर उजवीकडे चढतो, साध्या स्क्रूच्या आट्यांसारखा. वॉटसन आणि क्रिक यांनी १९५३ मध्ये मांडलेली रचना हीच. तरीही जाहिरातींत, मुखपृष्ठांवर डाव्या पिळाचा डीएनए वारंवार दिसतो. चित्र गोल फिरवलं तर पीळ बदलत नाही. आरशातल्यासारखं उलटवलं की बदलतो.

मग खाचा. दोन धाग्यांमधली एक खाच रुंद असते, दुसरी अरुंद. अनेक प्रथिनं डीएनएचा क्रम रुंद खाचेतूनच ओळखतात. एका वेढ्यात बेसच्या साधारण साडेदहा जोड्या पायऱ्यांसारख्या बसतात. त्या पायऱ्या मी गाळते, खाचांतला फरक मात्र राखते. किती सोपं करायचं हे माझ्या हातात आहे, खोटं काढायचं नाही.

दुपारी ३
आकाराची कसोटी. हेच चिन्ह ८४१ × ११८९ मिलिमीटरच्या पोस्टरवरही जाईल आणि ब्राउझरच्या टॅबवर १६ पिक्सेलमध्येही बसेल. तिथे पीळ गिचमिड होतो, म्हणून फक्त तुटक रेघ आणि शेजारची सलग रेघ ठेवते. सकाळी कुणीतरी लाल-हिरवी जोडी सुचवली होती. ज्यांना त्या दोन रंगांत फरक करता येत नाही, तेही परिषदेला बसलेले असतात. म्हणून निळा आणि नारिंगी. शेवटी कृष्णधवल प्रत, कारण प्रबंध तसेही छापले जातात.

संध्याकाळी ५
गुरुत्वीय लहरींवर काम करणाऱ्या मुलांचा फोन. टी-शर्टसाठी चिन्ह हवं आहे. हिंगोली जिल्ह्यात लायगो-इंडिया ही वेधशाळा उभारली जाणार आहे, तिथे पुढे काम करायचं त्यांच्या मनात आहे. १४ सप्टेंबर २०१५ रोजी लायगोने दोन कृष्णविवरांच्या विलीनीकरणाची लहर टिपली. कृष्णविवरं जवळ येतात तशा लहरी दाट आणि उंच होत जातात, विलीन झाल्यावर झपाट्याने विरतात. समान अंतराच्या छान लाटा काढल्या तर तो प्रसंगच चित्रातून जातो. लाटांमधलं अंतर मी कमी करत नेते.

संध्याकाळी ७
पुन्हा डीएनएच्या चिन्हाकडे, आता नावाचा प्रश्न. गट बहुधा मुख्य संशोधकाच्या नावाने ओळखला जातो, पण रात्रीचे प्रयोग मुलं करतात. १९६९ च्या अपोलो ११ च्या चिन्हावर अंतराळवीरांची नावं नाहीत. मोहिमेसाठी राबलेल्या सगळ्यांचं ते चिन्ह असावं, म्हणून तिघांनी ती मुद्दाम वगळली. मी मॅडमना लिहिते: चिन्हाखाली विषयाचं नाव घालूया.

रात्री ९
मॅडमचा होकार येतो. फाइली पाठवते: मोठा आकार, लहान आकार, रंगीत, काळा. सोबत एक पानाची सूचना. तिचा पहिला नियम: चिन्ह उलटवू नये, डीएनए डावा होतो. ही मुलं मोजमापातल्या दशांश स्थळासाठी आठवडे घालवतात. त्यांच्या पहिल्या स्लाइडवर जे लागेल, तेही तितक्याच काटेकोरपणे केलेलं असणं हा त्यांचा हक्क आहे.