यंत्रनिर्मित चेहरे आणि चित्राचें प्रामाण्य

जुना कागद हातीं आला म्हणजे तो अस्सल कीं बनावट, हा प्रश्न संशोधक प्रथम विचारतो. अक्षराचें वळण, शिक्का, तिथि व वार यांचा मेळ पाहिल्यावांचून तो त्यावर विसंबत नाहीं. चित्राच्या बाबतींत मात्र ही सावधगिरी आपल्याकडे तितकी रूढ नाहीं. छायाचित्रांत चेहरा दिसला कीं तसा मनुष्य होता, असें आपण धरून चालतों. हें गृहीत आतां टिकण्यासारखें राहिलें नाहीं.

इ. स. २०१४ मध्यें इयन गुडफेलो व त्यांचे सहकारी यांनीं संगणकाकरितां एक युक्ति प्रसिद्ध केली. तींत एक यंत्रणा चित्र बनविते व दुसरी तें खरें कीं खोटें हें पारखते. खोटें पकडलें गेलें कीं पहिली आपलें काम सुधारते. तिच्यामुळें दुसरीहि अधिक चाणाक्ष होते. इ. स. २०१८ च्या अखेरीस एन्व्हिडिया कंपनीच्या संशोधकांनीं इंटरनेटवरून घेतलेल्या ७०,००० चेहऱ्यांवर अशी यंत्रणा शिकवून, कधींहि जन्मास न आलेल्या माणसांचे हुबेहूब चेहरे काढून दाखविले. पुढें निराळ्या रीति निघाल्या, व आज केवळ शब्दांत वर्णन लिहून चेहरा, वेष व स्थळ यांसह चित्र तयार करतां येतें.

हे चेहरे डोळ्यांना ओळखतां येतात काय? इ. स. २०२२ मध्यें सोफी नाइटिंगेल व हनी फरीद यांनीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ३१५ लोकांचीं बरोबर उत्तरें सरासरीनें शेंकडा ४८ भरलीं; नाणें उडवूनहि इतकेंच साधलें असतें. शिकवून तयार केलेल्यांचीं उत्तरें शेंकडा ५९ पर्यंतच गेलीं. इतकेंच नव्हे, तर कृत्रिम चेहरे खऱ्यांपेक्षां किंचित् अधिक विश्वासपात्र वाटले. तेव्हां डोळ्यांची साक्ष येथें पुरेशी नाहीं.

मग परीक्षा कशाची करावी? रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाणाऱ्या किनाऱ्याच्या रस्त्यावरील आरे-वारे हें स्थळ उदाहरणार्थ घेऊं. एका अपरिचित मनुष्याचें चित्र आलें व 'मे महिन्यांत सकाळीं आरे-वारे येथें काढलेलें' असें त्याखालीं लिहिलेलें आहे, असें समजा. हा किनारा पश्चिमाभिमुख आहे. सूर्य समुद्रावर टेंकलेला असेल तर वेळ सकाळची नव्हे, सायंकाळची. जांभ्याच्या सड्यावर हिरवेंगार गवत असेल तर महिना मे नव्हे. टेंकडी, रस्त्याचें वळण, सुरूचें बन हीं प्रत्यक्ष स्थळाशीं ताडून पाहतां येतात. परंतु त्या मनुष्याचा चेहरा कशाशीं ताडावा? खऱ्या किनाऱ्यावर खोटा मनुष्य उभा करणें आज सोपें आहे. म्हणून स्थळ खरें ठरलें तरी मनुष्य खरा ठरत नाहीं.

चेहऱ्याचें प्रामाण्य चेहऱ्यांत नसतें, हें महाराष्ट्रानें यंत्रें नसतांहि अनुभविलें आहे. श्रीशिवछत्रपतींचें म्हणून एक चित्र पूर्वीं सर्वत्र प्रचारांत होतें. तें मूळचें इब्राहिमखान नांवाच्या दुसऱ्याच पुरुषाचें होतें. वा. सी. बेंद्रे यांनीं मूळ साधनांचा माग काढून इ. स. १९३३ मध्यें डच परंपरेंतून आलेलें महाराजांचें चित्र पुढें मांडलें, तेव्हां हा भ्रम दूर होऊं लागला. तेथें निर्णय रेखांच्या सौष्ठवावर झाला नाहीं. चित्र कोठून व कोणामार्फत आलें, यावर झाला.

ओळखीचा चेहराहि आज सुरक्षित नाहीं. जानेवारी २०२४ मध्यें सचिन तेंडुलकर यांना, एका खेळाच्या ॲपची शिफारस करणारी आपली चित्रफीत खोटी आहे, असें जाहीर करावें लागलें.

चित्राबरोबरच त्याच्या उत्पत्तीची नोंद जोडण्याचे प्रयत्न इ. स. २०२१ पासून मोठ्या कंपन्यांनीं एकत्र येऊन चालविले आहेत. ही नोंद एक प्रकारचें मोर्तबच होय. पण चित्राची नक्कल केली कीं ती गळून पडूं शकते. आणि ती नसणें हा चित्र खोटें असल्याचा पुरावा नव्हे.

दुसरा धोकाहि लहान नाहीं. सर्वच चित्रें संशयास्पद मानलीं तर खरें चित्र नाकारण्यास लबाडास आयतें निमित्त मिळेल, आणि उद्यांच्या इतिहासकाराचीं साधनें आजच निकामी होतील. म्हणून आलेलें चित्र प्रथम कोणीं, केव्हां व कोठें प्रसिद्ध केलें, याचा शोध घ्यावा. स्वतंत्र साक्ष मिळेतों निर्णय राखून ठेवावा. तसेंच वाचकांनीं आपल्या घरच्या छायाचित्रांवर माणसांचीं नांवें, स्थळ, तारीख व काढणाराचें नांव आजच लिहून ठेवावें, अशी आमची विनंति आहे. ज्यांना तीं माणसें ठाऊक आहेत ते हयात आहेत तोंवरच हें काम होण्यासारखें आहे.