वळिवडे ते कॅसलरॉक

निपाणीच्या माणसाला सीमा म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यं नव्याने आखली गेली, बेळगाव, खानापूर, निपाणी म्हैसूर राज्यात गेली आणि घरदार, शेत, तंबाखूची वखार जिथल्या तिथे ठेवून आम्ही दुसऱ्या राज्याचे झालो. म्हणूनच असेल, गेली पंधरा-वीस वर्षं कॅमेरा घेऊन मी गडकिल्ल्यांवर कमी गेलो आणि मुलूख सोडून आलेल्या-गेलेल्या माणसांच्या वास्तूंभोवती जास्त घुटमळलो. उत्तरेला कोल्हापूरजवळचं वळिवडे, दक्षिणेला लोंढ्यापलीकडचं कॅसलरॉक. या दोन ठिकाणी मी पुन्हा पुन्हा गेलो.

वळिवड्याची हकिकत आमच्या भागात अनेकांनी उडत उडत ऐकलेली असते, पुरती थोड्यांना ठाऊक असते. १९४०-४१ मध्ये सोव्हिएत सत्तेने पूर्व पोलंडमधली लाखो माणसं सैबेरिया आणि मध्य आशियात हाकलली. जर्मनीने रशियावर हल्ला केल्यावर त्यांची सुटका झाली आणि पोलिश जनरल अँडर्सच्या सैन्याबरोबर अनेक कुटुंबं १९४२ मध्ये इराणला पोचली. तिथून समुद्रमार्गे कराची आणि पुढे रेल्वेने पंचगंगेकाठचं हे माळरान. १९४३ पासून सुमारे पाच हजार पोलिश माणसं इथे राहिली. त्यांत बायका आणि मुलंच जास्त होती. दगडी जोती, चटयांच्या भिंती, वर कौलं आणि पुढे पडवी, अशा बराकींच्या रांगा होत्या. शाळा होत्या, चर्च होतं, नाटकं होत, मुलांचं स्काउट पथक होतं. जामनगरच्या जामसाहेबांनी बालाचडीला सांभाळलेली पोलिश मुलंही १९४६ मध्ये इथेच आली. पोलंडमधली राजवट बदललेली, आपली गावं नव्या नकाशात सोव्हिएत हद्दीत गेलेली. त्यामुळे परतायचं कुठे, हाच प्रश्न होता. काही मायदेशी गेले, बरेच इंग्लंड, ऑस्ट्रेलियाकडे पांगले. १९४८ च्या सुरुवातीला शेवटची कुटुंबं निघाली.

आणि त्याच सुमारास त्याच बराकींत फाळणीत घरं गमावलेली सिंधी कुटुंबं आली. वळिवड्याची छावणी गांधीनगर झाली. आज कापडाची घाऊक पेठ म्हणून ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्याकडचे दुकानदारही सणाच्या आधी तिथूनच गठ्ठे आणतात.

पडक्या वास्तूंच्या छायाचित्रणाचा एक ठरीव साचा आहे: फुटकी खिडकी, तिरका उजेड, माणसाचा मागमूस नाही. वळिवड्यात हा साचा चालत नाही, चालवूही नये. चटया गेल्या, विटा आल्या, पडवीचं दुकान झालं. उरलेल्या मोजक्या बराकींची ओळख पटते ती छपराच्या उतारावरून आणि जोत्याच्या दगडांवरून. अशा वेळी समोरची स्कूटर, वाळत घातलेले कपडे, शटरवरची पाटी चौकटीबाहेर ढकलून ‘ओसाड छावणी’ दाखवणं म्हणजे एकदा निर्वासित झालेल्यांना तिथून दुसऱ्यांदा उठवण्यासारखं आहे. एका निर्वासिताने सोडलेलं छप्पर दुसऱ्याच्या कामी आलं, ते फोटोत दिसलं पाहिजे, या मताला मी आज अधिकच घट्ट धरून आहे.

या पंधरा-वीस वर्षांत बदलही झाले. १९९८ मध्ये छावणीतल्या माजी रहिवाशांच्या पुढाकाराने कोल्हापूरच्या महावीर उद्यानात स्मृतिस्तंभ उभा राहिला होता. सप्टेंबर २०१९ मध्ये खुद्द वळिवड्यातही स्तंभ झाला, पोलंडचे पाहुणे आले, वर्तमानपत्रांचे रकाने भरले. मला त्याचं मोल वाटतं. पण स्तंभाला पाहुणे येतात, जुन्या जोत्याला कोणी येत नाही आणि दरवर्षी त्यातलं काहीतरी नव्या स्लॅबखाली जातं.

कॅसलरॉकचं सगळं याच्या उलट. इथे १८८८ मध्ये घाट उतरून मुरगाव बंदराकडे जाणारी मीटरगेज रेल्वे सुरू झाली. वर ब्रिटिश हिंदुस्थान, खाली कुळ्याला पोर्तुगीज हद्द. १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज तहाने जकातीची भिंत काही वर्षं पाडली होती. १८९२ मध्ये तो तह संपला आणि ती पुन्हा उभी राहिली. नंतर कित्येक दशकं पोटापाण्यासाठी मुंबईला निघालेला गोवेकर या स्टेशनातून गेला. स्वयंपाकी, वाजंत्री, खलाशी, शिंपी, सगळे इथे ट्रंका उघडून दाखवत आणि लोंढा, बेळगाव, मिरज करत पुण्याला गाडी बदलत. मुंबईत धोबीतलाव, माझगावला आपापल्या गावाचा कूड, म्हणजे गावकऱ्यांचं सामाईक बिऱ्हाड, त्यांची वाट पाहत असे. १९५५ मध्ये गोवा सत्याग्रहाच्या धामधुमीत ही वाहतूक बंद पडली आणि १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाल्यावर सीमाच उरली नाही. ज्या कामासाठी ते जकातीचं ठाणं होतं ते कामच संपलं.

इथल्या जुन्या रेल्वे वसाहतीत माणूस शोधूनही सापडत नाही. तिच्या भिंतींवर पावसाळ्यात शेवाळ इतकं चढतं की दगड आणि रान वेगळं करता येत नाही. फोटोला ही जागा सोपी आहे आणि हाच तिचा धोका. दूधसागरला जाणारे हजारो मोबाइल इथे थांबतात, धुकं टिपतात आणि पुढे जातात. या स्टेशनावर कोणाची झडती होत असे, हे त्या फोटोंत कुठून येणार? म्हणून मी इथे हळूहळू सुंदर चौकटींचा नाद सोडला आणि साध्या नोंदीवर आलो: इमारतीची चारही अंगं, दारांची मापं, कौलांवरचे शिक्के, रुळांपासूनचं अंतर. स्टेशनच्या हद्दीत परवानगीची खटपट करावी लागते, पण नोंदीला पर्याय नाही.

कारण घाई आहे. या मार्गाच्या दुहेरीकरणाची योजना बरीच वर्षं चालू आहे. कॅसलरॉक ते कुळे या टप्प्याला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली, ती जंगलासाठी. जुन्या बांधकामांची बाजू त्या वादात कोणी मांडल्याचं मला दिसलं नाही. लोंढा, खानापूर, बेळगावात रेल्वेत चाकरी केलेल्यांची घरं अजून आहेत. ट्रंकेत, भिंतीवर, लग्नाच्या अल्बमात त्या स्टेशनाचे जुने फोटो असणारच. यंदाचा पावसाळा संपला की मी ते गोळा करायला निघणार आहे. ज्यांच्याकडे असतील त्यांनी फोटो देऊ नयेत, फक्त दाखवावेत. मी त्यांच्या ओसरीवर बसूनच त्यांची प्रत काढून घेईन.