काळ्या दगडाच्या मुलखात काचेची वाळू का नाही?

बालाघाटाच्या डोंगररांगेपासून गेवराई-माजलगावच्या गोदाकाठापर्यंत बीड जिल्ह्याचा पाया सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा असून अंबाजोगाईची हत्तीखाना लेणी ज्या काळ्या दगडात कोरलेली आहेत, तो बेसाल्टही त्याच रसाचा आहे. या दगडाच्या वजनात जवळजवळ निम्मा वाटा सिलिकाचा, म्हणजे सिलिकॉन व ऑक्सिजन यांच्या संयुगाचा असतो आणि काचेचा मुख्य घटकही सिलिकाच; तरीही तो फोडून काचेची वाळू मिळत नाही, कारण त्यातील सिलिका मोकळी नसून फेल्डस्पार व पायरॉक्सिन या खनिजांत कॅल्शियम, अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि लोह यांच्याशी जखडलेली असते. शेताच्या बांधावर सापडणाऱ्या गारगोट्या बव्हंशी सिलिकेच्याच असतात खऱ्या, पण तेवढ्यावर भट्टी चालत नाही.

बेसाल्टची काच होतच नाही, असेही नाही. बुलढाणा जिल्ह्यात लोणारला उल्कापाताच्या उष्णतेने बेसाल्ट वितळून काच झाली, मात्र ती काळपट आहे. बेसाल्टमध्ये लोहाची ऑक्साइडे दहा टक्क्यांहून अधिक असतात, तर रंगहीन बाटलीसाठी लागणाऱ्या वाळूत ती ०.०३ टक्क्यांच्या आसपासच चालतात. लोहाचा अंश थोडा वाढला, तरी काचेवर हिरवट झाक येते.

महाराष्ट्रात अशी वाळू मिळते ती सिंधुदुर्गात, कणकवली तालुक्यातील कासार्डे परिसरात. तेथील कलादगी गटाचे वालुकाश्म बेसाल्टहून कित्येक पटींनी जुने आहेत. प्राचीन खडक झिजत असताना फेल्डस्पारासारखी खनिजे कुजून त्यांची माती झाली, लोह विरघळून वाहून गेले आणि कठीण, न कुजणारे क्वार्ट्झ, म्हणजे मोकळी सिलिका, तेवढे मागे उरले; पाण्याने ते घासून, निवडून थरांत साचवले व काळाच्या ओघात त्यांचा खडक झाला. बेसाल्टला ही निवड लाभली नाही, कारण मुळात निवडण्याजोगे क्वार्ट्झच त्यात नव्हते. खाणीतला ठिसूळ वालुकाश्म फोडून, धुऊन त्यातील चिकणमाती काढतात आणि चाळून साधारण ०.१ ते ०.५ मिलिमीटरचे कण वेगळे करतात. कण याहून मोठे असले तर ते पूर्ण वितळत नाहीत आणि फार बारीक असले तर धूळ होऊन भट्टीतून उडतात. हीच धूळ दगड फोडणाऱ्यांच्या फुप्फुसांत शिरून सिलिकोसिस हा बरा न होणारा रोग जडवते. काचधंद्याच्या कौतुकात याचा उल्लेख क्वचितच येतो.

निव्वळ क्वार्ट्झ वितळण्यास १७०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागते. सोडा घातल्यावर ते बरेच खाली येते, पण नुसत्या सोड्याची काच पाण्यात विरघळते, म्हणून चुनाही घालावा लागतो. सोडा-चुना असला, तरी वाळूचा प्रश्न उरतोच. लोकांच्या पैशा-पैशाच्या वर्गणीतून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे उभा राहिलेला पैसा फंडाचा काच कारखाना आणि कऱ्हाडजवळ ओगलेवाडीत प्रभाकर कंदील घडवणारा ओगल्यांचा कारखाना हे दोन्ही बेसाल्टच्याच प्रदेशात होते, आणि इंद्रायणी-कृष्णेच्या काळ्या वाळूतून कंदिलाची स्वच्छ काच निघणे शक्य नव्हते.

भट्टीत नव्या वाळूबरोबर जुन्या काचेचा चुराही टाकतात. तो आधीच काच झालेला असल्याने कमी उष्णतेत वितळतो व इंधन वाचते. बीडहून काचधंद्याला जाण्याजोगा कच्चा माल आहे तो एवढाच, आणि तो मिळतो भंगारवाल्याकडे.