वसईचा तह आणि कंपनीचा युद्धविरोध

वसईचे नाव निघाले की चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगिजांपासून जिंकून घेतलेला किल्ला डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु याच वसईत ३१ डिसेंबर १८०२ रोजी एक तहनामा लिहिला गेला आणि त्यातून उद्भवलेल्या युद्धाने साता समुद्रांपलीकडे लंडन शहरात एक विलक्षण वाद माजविला. ज्या ईस्ट इंडिया कंपनीच्या नावाने ते युद्ध चालले होते, तिच्याच संचालकांनी त्या युद्धनीतीविरुद्ध आवाज उठविला. आजही एखादे राष्ट्र युद्ध आरंभते, इतर राष्ट्रे त्यावर आर्थिक निर्बंध घालतात, आणि मग त्या राष्ट्रातील मोठ्या कंपन्या काय बोलतात याकडे जगाचे लक्ष लागते. अशा बोलण्याचे मोल कसे करावे, हे समजण्यास वसईच्या तहाची हकीकत फार उपयोगी पडते.

प्रथम ती हकीकत थोडक्यात पाहू. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी पुण्याजवळ हडपसर येथे यशवंतराव होळकरांनी पेशवे व शिंदे यांच्या संयुक्त फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पुणे सोडून कोकणात उतरला आणि डिसेंबरात समुद्रमार्गे वसईस आला. ही जागा त्याने का निवडावी, हे नकाशा पाहिला म्हणजे उमगते. वसईची खाडी ओलांडली की साष्टी लागते, आणि साष्टी १७८२ च्या सालबाईच्या तहाने इंग्रजांकडेच राहिली होती. मराठी मुलखात राहूनही इंग्रजांचा आश्रय हाकेच्या अंतरावर होता. तेथे इंग्रज वकील बॅरी क्लोज याच्याशी तह ठरला. पेशव्यांनी ६,००० हून कमी नाही एवढे कंपनीचे हिंदी पायदळ व तोफखाना कायम ठेवून घ्यावा, त्याच्या खर्चासाठी वार्षिक २६ लक्ष रुपये उत्पन्नाचा मुलूख तोडून द्यावा, सुरतेवरील हक्क सोडावा, आणि इतर राज्यांशी इंग्रजांच्या सल्ल्यावाचून व्यवहार करू नये, ही त्यातील मुख्य कलमे होत.

शिंदे व नागपूरकर भोसले यांना हा तह मान्य होणे शक्यच नव्हते. १८०३ च्या ऑगस्टात युद्ध पेटले. असई, लासवारी, अडगाव, गाविलगड येथे इंग्रजांना जय मिळाला खरा. परंतु पुढील वर्षी होळकरांशी लढताना कर्नल मॉन्सनच्या फौजेला दुर्दशेने माघार घ्यावी लागली आणि १८०५ च्या आरंभी भरतपूरच्या किल्ल्यापुढे लेकचे हल्ले फसले. विजयाच्या बातम्यांबरोबर खर्चाचे आकडेही लंडनला पोहोचत होते. १७९७ मध्ये कंपनीचे कर्ज सुमारे १ कोटी ७० लक्ष पौंड होते. १८०६ पर्यंत ते सुमारे ३ कोटी १० लक्ष पौंडांवर गेले.

येथे कंपनीच्या कारभाराची रचना ध्यानात घेतली पाहिजे. भागधारकांनी निवडलेले संचालक कंपनीचा व्यवहार पाहत. परंतु १७८४ च्या कायद्याने त्यांच्यावर सरकारचे एक नियामक मंडळ बसविले होते. हिंदुस्थानात राज्यविस्ताराच्या योजना आखणे हे इंग्रज राष्ट्राच्या इच्छेस व प्रतिष्ठेस विरोधी आहे, असेही त्याच कायद्यात नमूद होते. गव्हर्नर जनरल वेलस्ली यांनी मात्र नेमके तेच चालविले होते. नियामक मंडळाचे अध्यक्ष कॅसलरे यांनी १८०४ मध्ये वसईच्या तहाविषयी शंका व्यक्त केल्या. या तहाने इंग्रज मराठ्यांच्या अंतहीन भांडणांत गुंततील, असा त्यांचा आक्षेप होता. संचालकांनी तर १८०५ मध्ये वेलस्लींच्या कारभाराचा कडक शब्दांत निषेध करणारा खलिता तयार केला; पण नियामक मंडळाने तो पाठवू दिला नाही. तरीही त्याच वर्षी वेलस्ली परत गेले, कॉर्नवॉलिस त्यांच्या जागी आले आणि युद्ध आवरते घेण्यात आले. ग्वाल्हेर व गोहद शिंद्यांना परत मिळाले. होळकरांशीही डिसेंबर १८०५ मध्ये तह झाला.

मग संचालक शांतिप्रिय होते असे म्हणावे काय? त्यांचा विरोध जमाखर्चाच्या वहीतून उगवला होता. व्यापारात गुंतवावयाचा पैसा फौजांकडे जातो, हे त्यांचे दुःख होते. कोकणातील वा खानदेशातील रयतेचे काय झाले, हा प्रश्न त्या वादात अग्रभागी नव्हता. आणि सर्वांत मोठी गोष्ट ही की, वसईचा तह रद्द झाला नाही. ज्या तहाला दोष दिला, त्याच तहाने आलेला मुलूख व वर्चस्व कंपनीने हातचे सोडले नाही. १८१८ मध्ये पेशवाईच बुडाली. लाभ पदरात ठेवून केलेल्या निषेधाचे वजन किती, हे यावरून दिसते.

तथापि स्वार्थातून निघालेला आवाज निरुपयोगी असतोच असे नाही. नेपोलियनशी चाललेल्या झगड्यात इंग्लंडने १८०७ मध्ये तटस्थ राष्ट्रांच्या जहाजांवर जाचक हुकूम लादले. उत्तरादाखल अमेरिकेने पुढे इंग्रजी मालाची आयात बंद केली. बर्मिंगहॅम, शेफील्ड इत्यादी शहरांत कारखाने थंडावले. तेथील कारखानदारांनी १८१२ मध्ये पार्लमेंटपुढे अर्ज केले, साक्षी दिल्या, आणि २३ जून रोजी सरकारने ते हुकूम मागे घेतले. दुर्दैव असे की, १८ जूनलाच अमेरिकेने युद्ध पुकारले होते आणि बातमी जहाजाच्या गतीने चालत होती. आवाज ऐकला गेला, पण उशिरा.

आता वर्तमानाकडे वळू. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. पाश्चात्त्य राष्ट्रांनी ठेवी गोठविल्या, बँकांचे व्यवहार अडविले. ३ मार्च रोजी लुकऑइल या रशियातील मोठ्या खाजगी तेलकंपनीच्या संचालक मंडळाने निवेदन काढून सशस्त्र संघर्ष शक्य तितक्या लवकर थांबावा व वाटाघाटींनी प्रश्न सुटावा अशी इच्छा व्यक्त केली. त्याच दिवशी लंडनच्या शेअर बाजाराने लुकऑइलसह अनेक रशियन कंपन्यांच्या रोख्यांचे व्यवहार थांबविले होते. दुसऱ्याच दिवशी रशियात सैन्याविषयी तथाकथित खोटी माहिती पसरविणारास पंधरा वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद करणारा कायदा झाला. एप्रिलमध्ये, ब्रिटनने निर्बंध घातल्यानंतर, कंपनीचे प्रमुख अलेकपेरोव्ह पदावरून दूर झाले. त्याच महिन्यात बँकेचे संस्थापक ओलेग तिन्कोव्ह यांनी युद्धाचा उघड धिक्कार केला. आपला हिस्सा नाममात्र किमतीस विकणे आपणास भाग पडले, असे त्यांनी पुढे सांगितले. लुकऑइलचे निवेदनही निर्बंधांपुढे ढाल ठरले नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेने त्या कंपनीवर निर्बंध घातलेच.

या उदाहरणांतील भेद श्रोत्यांनी नीट पाहावा. लंडनच्या संचालकांनी निषेध लिहिला, तो अडविला गेला. पण लिहिणाऱ्याचे घरदार गेले नाही. बर्मिंगहॅमच्या कारखानदारांना पार्लमेंटचे दार उघडे होते. मॉस्कोत तसे दार नव्हते; म्हणून तेथे ‘संघर्ष’ एवढा सौम्य शब्दही धाडसाचा ठरला. तेव्हा कंपनीने युद्धाविरुद्ध तोंड उघडले की तीन गोष्टी विचाराव्यात. ती नफा बुडण्यापूर्वी बोलली की नंतर? बोलल्याबद्दल तिला काय सोसावे लागले? आणि युद्धातून हाती आलेला कोणता लाभ तिने सोडला? पहिल्या प्रश्नाने हेतू कळतो, दुसऱ्याने धैर्य, आणि तिसऱ्याने प्रामाणिकपणा. वसईच्या तहाबाबत कंपनी या तिसऱ्या प्रश्नावर अडली. २६ लक्षांचा मुलूख तिच्याकडेच राहिला.