पोर्तुगीज भाषेचे अध्ययन आणि मराठीचा अभ्यासक

इ. स. १७३० मध्ये लिस्बन येथे कोस्मे द ग्वार्दा या ग्रंथकाराच्या नावे शिवाजी महाराजांचे एक पोर्तुगीज चरित्र मुद्रित झाले. ग्रंथाच्या शीर्षकात चरित्रनायकाचे नाव रोमन लिपीत एस, ई, व्ही, ए, जी, वाय अशा सहा अक्षरांनी लिहिलेले आहे. इंग्रजी वाचनाच्या संस्कारात वाढलेला विद्यार्थी ते 'सेवागी' असे वाचतो आणि परदेशीयांनी नावाची केवढी मोडतोड केली म्हणून हळहळतो. वस्तुतः मोडतोड झाली आहे ती वाचकाच्या मुखात. पोर्तुगीज लेखनात 'जी' या अक्षरापुढे ई, आय अथवा वाय आला असता त्याचा उच्चार कंठ्य राहत नाही. तो तालव्य घर्षक होतो आणि मराठी 'ज'च्या पुष्कळ जवळ येतो. म्हणजे मूळ लेखकाला 'सेवाजी' किंवा 'शेवाजी' असेच काही अभिप्रेत होते. आरंभीच्या 'स'विषयीही निवाडा घाईने करता येत नाही. उत्तर पोर्तुगालमधील काही बोलींत जिभेचे टोक उचलून केलेला 'स' अद्यापि ऐकू येतो आणि अपरिचित कानाला तो 'श'कडे झुकलेला वाटतो. लेखकाच्या कानी 'शि' पडले होते की 'से', हे ठरविण्यासाठी प्रथम त्या लेखकाची स्वतःची वर्णव्यवस्था ठाऊक असावी लागते.

मराठी आणि कोंकणी भाषांच्या इतिहासाशी पोर्तुगीजच्या अध्ययनाचा संबंध येतो तो नेमका या ठिकाणी. सतराव्या शतकातील मराठीचे उच्चार कळण्यास देवनागरी व मोडी लेखन फारसे साहाय्य करीत नाही. कारण लिपीची परंपरा उच्चारातील बदल झाकून ठेवते. परकीय लिपीत लिहिणाऱ्यावर मात्र त्या परंपरेचे बंधन नसते. तो जे ऐकतो ते आपल्या अक्षरांत बसवितो. १५७९ मध्ये गोव्यास आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेज्वितांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये प्रथम छापले गेले ते रोमन अक्षरांत, आणि त्या अक्षरांचे मूल्य इंग्रजी नव्हे तर पोर्तुगीज होते. त्यांनीच रचलेले कोंकणीचे व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूर येथे मुद्रित झाले. त्याची विवेचनाची भाषा पोर्तुगीज आहे. १८५७ मध्ये कुन्य रिव्हारा यांनी त्याची दुसरी आवृत्ती काढली. भारतीय आर्यभाषांच्या व्याकरणांत अग्रस्थानी असलेला हा ग्रंथ मुळातून वाचू शकणारे मराठीचे पदव्युत्तर विद्यार्थी किती निघतील, याचा हिशेब न मांडलेला बरा.

या लेखनपद्धतीची काही सूत्रे प्रारंभीच आत्मसात करणे इष्ट असते. 'एक्स' हे अक्षर 'श'चे निदर्शक आहे. म्हणूनच गोव्याच्या कागदपत्रांत वारंवार येणारे 'शेराफीं' हे नाणे एक्सने आरंभ होते आणि त्यामागील 'अशरफी' एकदम ओळखू येते. रोमी कोंकणीने 'श'चे हे लेखन आजही टिकविले आहे, तसेच मूर्धन्य व्यंजनांसाठी अक्षर दुहेरी लिहिण्याची रीतही. शब्दान्तीचा 'एम' हा व्यंजन नसून मागील स्वराच्या अनुनासिकत्वाची खूण असतो. त्यामुळे वसईसाठी येणारे नाव 'बसाइम' असे न वाचता 'बसाईं' असे वाचावे लागते, आणि मुंबईचे 'बोंबाइम' हे 'बोंबाईं' होते. येथे जाता जाता एका लोकप्रिय समजुतीचाही निकाल लागतो. 'बों' म्हणजे चांगला आणि 'बाईया' म्हणजे उपसागर, यांवरून मुंबईचे पोर्तुगीज नाव आले असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. परंतु 'बाईया' हा शब्द स्त्रीलिंगी आहे. त्याचे विशेषण 'बोआ' असे झाले असते, 'बों' नव्हे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला लिंगविचार शिकविताना हे उदाहरण दिले, तर व्याकरण आणि इतिहास यांची एकत्रच उजळणी होते.

आदिलखानाचे 'इदालकांव' हे रूपही बोधप्रद आहे. फारसी 'खान' ऐकून पोर्तुगीज लेखकाने तो आपल्या भाषेतील 'आंव' या अनुनासिक संयुक्त स्वराच्या साच्यात घातला, आणि त्यातील उत्तरपद कुत्रा या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दाशी सर्वथा सारखे झाले. यात हेतुपुरस्सर उपहास शोधणारे विद्वान आढळतात. पण ध्वनिनियम पुरेसा असताना द्वेषाचा आश्रय घेण्याचे प्रयोजन नाही.

वाक्यरचनेकडे वळले म्हणजे अडचणी निराळ्या स्वरूपाच्या दिसतात. पोर्तुगीज भाषेत धातुसाधित नाम, म्हणजे मराठीतील 'करणे'सारखे रूप, पुरुष व वचन यांनुसार प्रत्यय घेते. रोमान्स भाषांत हे वैशिष्ट्य विरळ आहे. त्याखेरीज भविष्यकालीन संकेतार्थ नावाचा एक स्वतंत्र क्रियाप्रकार या भाषेने आजतागायत जिवंत ठेवला आहे. शेजारच्या स्पॅनिश भाषेत तो व्यवहारातून जवळजवळ लुप्त झाला आहे. नियमित धातूंच्या बाबतीत ही दोन्ही रूपे हुबेहूब सारखी असतात. अनियमित धातूंत ती बहुधा भिन्न असतात, पण काही धातूंत भेद एखाद्या स्वराचाच. 'फाझेर' म्हणजे करणे. 'फिझेर' म्हणजे पुढे केल्यास. हा भेद केवळ वैयाकरणांच्या कुतूहलाचा नाही. तहाची कलमे संकेतार्थातच लिहिली जातात: अमुक पक्षाने अमुक केल्यास दुसऱ्याने अमुक करावे. जुन्या हस्ताक्षरात 'आ' आणि 'इ' यांची गफलत झाली, अथवा वाचकाला हा क्रियाप्रकारच अवगत नसला, तर अट हे वचन ठरते व वचन ही अट ठरते. मराठ्यांच्या राजकारणाविषयीचा एखादा निष्कर्ष अशा वाचनावर उभा असेल तर त्याचे बळ किती, हे सांगावयास नको.

आणि तशा कागदांची संख्या थोडी नाही. पणजी येथील दप्तरखान्यात दरवर्षीच्या मोसमी आरमाराबरोबर लिस्बनशी झालेल्या पत्रव्यवहाराचे ग्रंथ आहेत, शेजारच्या राजांना गेलेल्या पत्रांची स्वतंत्र मालिका आहे. पहिल्या मालिकेचे काही ग्रंथ लिस्बनच्या तोर्रे दु तोंबु या दप्तरखान्यात आहेत. पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर (१८९४–१९६९) यांनी या संग्रहातून मराठ्यांच्या इतिहासाची साधने काढली, ती प्रथम पोर्तुगीजमधून प्रसिद्ध केली आणि पुढे १९६७ मध्ये पुणे विद्यापीठाने त्यांचा 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा ग्रंथ मराठीत काढला. मराठी संशोधकांची पुढील वाटचाल बहुतांशी याच पुलावरून झाली. पुलाचे ऋण मानावे. परंतु पिसुर्लेकरांनी जे निवडले नाही ते आजही पलीकडच्या तीरावरच आहे. गोवामुक्तीपूर्वी, म्हणजे डिसेंबर १९६१ पूर्वी, ज्यांचे शिक्षण पोर्तुगीजमधून झाले ती पिढी आता वार्धक्यात आहे. यापुढे ही भाषा घरातून येणार नाही, ती वर्गातूनच यावी लागेल. गोवा विद्यापीठात तिचे पदव्युत्तर अध्ययन चालते. महाराष्ट्रातील इतिहास व मराठी या विभागांनी मात्र तिला क्वचितच आपली मानली आहे.

राज्यसत्तेलाही स्थानिक भाषेवाचून चालले नव्हते, हे येथे ध्यानात घ्यावे. जून १६८४ मध्ये व्हाइसरॉय आल्व्होरचा काउंट याने स्थानिक भाषा सोडून तीन वर्षांत पोर्तुगीज स्वीकारण्याचे फर्मान काढले. त्याच्या काही महिने आधीच, १६८३ च्या अखेरीस, संभाजी महाराजांच्या स्वारीने गोवा हादरला होता. ज्या सरकारने रयतेची भाषा बंद करण्याचे ठरविले त्याच सरकारला मराठी दरबाराशी बोलण्यासाठी हिंदू दुभाषी पदरी ठेवावे लागत होते. या दुभाष्याच्या हुद्द्याचे पोर्तुगीज नाव होते 'राज्याची जीभ'. पिसुर्लेकरांनी १९५२ मध्ये अशा मध्यस्थांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला आहे.

मराठीतील पोर्तुगीज शब्दांची यादी सर्वांना पाठ असते: पाव, बटाटा, काजू, अननस, चावी, पगार, घमेले, बिजागरी, तुरुंग, नाताळ. यादी करणे सोपे. तिच्यातून नियम काढणे अवघड. 'पाव' व 'लिलाव' हे दोन शब्द शेजारी ठेवले म्हणजे पोर्तुगीज अन्त्य 'आंव'चे मराठीत 'आव' होते असे दिसते. परंतु अनुनासिक गेला कोठे? जुन्या मराठी मुद्रणात 'लिलांव' असा सानुस्वार पाठ सर्रास आढळतो. म्हणजे 'गांव'चा 'गाव' ज्या मार्गाने झाला त्याच मार्गाने हा उसना शब्दही गेला. हिंदीतील 'नीलाम'ने तोच अनुनासिक 'म'च्या रूपाने धरून ठेवला आहे. शिवाय मूळ पोर्तुगीज शब्द स्वतःच अरबीतून आलेला आहे, हे पाहिले म्हणजे दाता कोण व ग्राहक कोण हा प्रश्न किती सापेक्ष आहे ते उमगते. 'साबण' आणि 'मेज' यांच्याविषयी तर अरबी-फारसी उगमाचा दावा तितकाच बळकट आहे. बार्देशातील आसगाव येथे जन्मलेले सेबास्तियांव रोदोल्फ दाल्गाद (१८५५–१९२२) यांनी १९१३ मध्ये सुमारे पन्नास आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांचा कोश सिद्ध केला. त्याचे इंग्रजी भाषांतर १९३६ मध्ये बडोद्याहून निघाले. त्या कोशानंतर मराठीपुरती स्वतंत्र आणि कालक्रमानुसार पुराव्यांनिशी केलेली पुनर्तपासणी होणे अगत्याचे आहे.

आतापर्यंतचे विवेचन उपयुक्ततेचे झाले. भाषा केवळ दप्तराची किल्ली म्हणून शिकली तर मात्र ती अर्धीच येते. पोर्तुगीज ही आज एकट्या पोर्तुगालची भाषा नाही. तिच्या भाषकांपैकी बहुसंख्य ब्राझीलमध्ये आहेत. अंगोला, मोझांबिक, केप व्हर्दे, गिनी-बिसाव, सांव तोमे आणि पूर्व तिमोर येथे ती राज्यव्यवहारात आहे. या देशांच्या संघटनेची स्थापना १९९६ मध्ये झाली. त्यांच्या वाङ्मयाला 'लुसोफोन' असे एकच विशेषण लावण्याची प्रथा पडली आहे. ते विशेषण प्राचीन रोमन प्रांताच्या, म्हणजे लुसितानियाच्या, नावावरून घडविलेले असल्याने आफ्रिकेतील लेखकांना ते कधीकधी खटकते, आणि तसे खटकणे स्वाभाविक आहे. अंगोलाच्या लुआंदिनो व्हिएइरा यांना १९६५ मध्ये पोर्तुगीज लेखक संघाने कथासंग्रहाबद्दल पारितोषिक दिले तेव्हा ते वसाहती सरकारच्या कैदेत होते. पारितोषिक दिल्याबद्दल सरकारने तो लेखक संघच बंद केला. त्यांच्या गद्यात लुआंडाच्या वस्त्यांतील किंबुंदू भाषेचे शब्द व वळणे पोर्तुगीजच्या अंगात मुरलेली आहेत. शासकांच्या भाषेवर शासितांनी केलेला हा संस्कार अभ्यासण्यासाठी व्याकरणाचे पुस्तक अपुरे पडते. गोव्याच्या वाचकाला याचे जवळचे उदाहरण हवे असल्यास ओर्लांदु द कॉश्त यांची १९६१ ची कादंबरी आहे. तिच्यातील राबणाऱ्या माणसांचा उल्लेख 'कुरुंबीं' या शब्दाने होतो, आणि तो आपला 'कुणबी'च होय.

परभाषा एखाद्या वस्तीत उतरून तेथील वळण कसे घेते, हे पाहण्यास अंगोलापर्यंत जाण्याचेही कारण नाही. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, कोर्लईच्या किल्ल्याखाली, ख्रिस्ती कुटुंबांची एक लहानशी वस्ती आहे. चौलचा मुलूख १७४० मध्ये मराठ्यांकडे आला आणि पोर्तुगीज निघून गेले. त्यांच्या भाषेपासून झालेली संमिश्र बोली मात्र येथे राहिली. तिचे भाषक तिला 'नॉ लिंग', म्हणजे आपली भाषा, असे म्हणतात. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ क्लेमन्ट्स यांनी १९९६ मध्ये तिच्यावर ग्रंथ लिहिला. शब्द पोर्तुगीज, पण क्रियापद वाक्याच्या अखेरीस जाऊ लागलेले: पोर्तुगीजमध्ये ते कर्माच्या आधी येते, कोर्लईत ते मराठीप्रमाणे शेवटी सरकले. हा बदल दोन-अडीच शतकांच्या शेजाराने घडला आणि वयोगटानुसार त्याच्या अवस्था तपासता येतात. बोलणाऱ्यांची संख्या हजाराच्या आतच आहे, आणि मुलांची शाळा मराठीची आहे.