किल्लारीचे हॉटेल

ज्या गावाचे नाव उच्चारताच महाराष्ट्राला 30 सप्टेंबर 1993 ची पहाट आठवते, त्या किल्लारीत चहा पिण्याकरिता म्हणून थांबणारा प्रवासी विरळाच. परंतु आमचे एक बाळपणीचे स्नेही, जे महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले आणि भूकंपानंतरच्या पंचनाम्यांच्या दिवसांत ज्यांनी या भागातील गावे पायांखाली घातली, त्यांच्या संगतीने औशाहून उमरग्याच्या रस्त्याला लागलो असता, "भूकंपाच्या स्मारकाची घाई कशाला? आधी च्या घेऊ," असा हुकूमच त्यांनी सोडला. किल्लारी समजून घ्यावयाची तर आधी तिच्या हॉटेलातील बाकड्यावर घटकाभर बसावे, या मताचा मी त्या दिवसापासून झालो आहे.

हॉटेल म्हणजे पत्र्याचे छप्पर, पुढे दोन लांब बाकडी, कढईत भजी, परातीत शेंगदाणे आणि हिरव्या मिरच्या घातलेला मुरमुऱ्यांचा सुशीला, आणि उजव्या हाताला गॅसच्या शेगडीवर एक जाड बुडाचे पातेले, ज्याच्या बाहेरील काळ्या थरावरून त्याच्या सेवेची वर्षे मोजावीत. मालकाने पाण्यात साखर टाकली, आल्याचा तुकडा दगडाने ठेचून तसाच त्यात सोडला, मूठ वळवून पत्ती पेरली, रंग उतरल्यावर दूध ओतले, आणि पातेले उतू जाण्याच्या बेतात आले की सांडशीने उचलून खाली, पुन्हा आचेवर, पुन्हा खाली, असे तीनदा करून तो चहा मळकट तांबूस फडक्यातून किटलीत गाळला. हे उतू येऊ देणे केवळ करामत नव्हे. दुधातील प्रथिने पत्तीतील तुरट द्रव्यांशी संयोग पावतात आणि उकळीसरशी चहाचा तुरटपणा बोथट होऊन त्यास अंग येते. मालकाला त्याची शास्त्रीय उपपत्ती ठाऊक असण्याचे कारण नाही, परंतु उकळी कोणत्या क्षणी मोडावी हे त्याच्या मनगटास पक्के ठाऊक होते.

हा असा दुधात शिजविलेला चहा आपल्याकडे फार पुरातन काळापासून चालत आला आहे, अशी अनेकांची समजूत असते. ती खरी नाही. आसामातील रानटी चहाची झाडे इंग्रजांच्या दृष्टीस पडली ती 1823 साली, तेथला चहा लंडनच्या लिलावात गेला तो 1839 साली, आणि पुढे कितीतरी दशके तो परदेशी रवाना होण्याकरिताच पिकत असे. 1903 च्या कायद्याने चहावर उपकर बसला आणि त्या पैशातून या देशातील रयतेस चहा पिण्यास शिकविण्याची मोहीम निघाली, जिचे फलक रेल्वेच्या स्थानकांवर झळकत. पाणी उकळावे, पत्ती त्यात मुरू द्यावी, दूध वरून बेताने घालावे, अशी त्या प्रचारकांची शिकवण होती, आणि विक्रेते पत्ती कमी टाकून दूध, साखर व मसाला यांतच ती रटरटा शिजवितात, याबद्दल त्यांची तक्रारही होती. आमच्या लोकांनी चहा स्वीकारला आणि शिकवणीस रामराम ठोकला. फार उत्तम केले! 1930 च्या सुमारास आसामात पत्ती यंत्राने चिरडून, फाडून, तिच्या बारीक गोळ्या करण्याची रीत निघाली, आणि तिचा प्रसार झाल्यावर थोड्या पत्तीत पुष्कळ कप गडद रंगाचा चहा निघू लागला. तेव्हापासून चहा गरिबाच्या खिशात बसू लागला, असे म्हणावयास हरकत नाही.

चहा असा पसरत होता तेव्हा किल्लारी हैदराबादच्या निजामाच्या अमलातील उस्मानाबाद जिल्ह्यात होती. ती आज ज्यात मोडते तो लातूर हा स्वतंत्र जिल्हा झाला तो 1982 मध्ये. त्या हैदराबादच्या इराणी हॉटेलांत दूध निराळे आटवितात, काढा निराळा दमावर ठेवतात आणि दोहोंचा संगम कपात घडवितात. आमच्या खेड्यांतून मात्र सारे एकाच पातेल्यात, ही रीत मला अधिक बिनतक्रार वाटते.

परंतु चहाची पाककृती हा या लेखाचा अर्धाच विषय; उरलेला अर्धा भूकंपाचा आणि त्यानंतर गाव बसते कोठे, याचा. गावकऱ्यांनी भूकंपाच्या आदल्या दिवशी अनंत चतुर्दशीस गणपतीचे विसर्जन केले होते, आणि पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी, गाव गाढ झोपेत असताना, 6.2 परिमाणाचा धक्का बसला. दगडगोटे मातीत रचलेल्या दोन-अडीच हात रुंद भिंती आणि त्यांवर मातीचे थरावर थर चढविलेले माळवद, उन्हाळ्यात गारवा देणारे तेच घर, झोपलेल्या माणसांवर कोसळले. शासकीय नोंदीप्रमाणे लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत मिळून मृतांचा आकडा आठ हजारांच्या घरात गेला. त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने जो पुनर्वसनाचा कार्यक्रम राबविला गेला, त्यात बावन्न गावे मूळ जागेवरून हलविण्यात आली, आणि घराचे क्षेत्र जमिनीच्या सातबाऱ्यावरून ठरले: भूमिहीनास व एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्यास 250 चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत 400, त्याहून अधिक असेल त्यास 750.

आमचे स्नेही बशीत चहा ओतून फुंकर घालीत म्हणाले, "अरे, घरांचा हिशेब आम्ही चौरस फुटांत अगदी काटेकोर लावला. पण म्हातारी माणसं संध्याकाळी बसणार कुठं, याचा रकानाच आमच्या नमुन्यात नव्हता."

हे बोलणे सर्वस्वी न्याय्य नाही. नव्या गावांतून शाळा झाल्या, पंचायतीच्या इमारती झाल्या, समाजमंदिरे झाली. मात्र समाजमंदिरास किल्ली लागते, आणि ती किल्ली कोणाकडे आहे याचा तपास करावा लागतो. जुन्या गावाची वेस, पार, बोळाच्या तोंडाशी असलेला ओटा ही सारी बसण्याची ठिकाणे ज्या अडचणीच्या, वाकड्यातिकड्या रचनेतून उत्पन्न झाली होती, ती रचना रुंद आणि सरळ रस्त्यांच्या आखणीत अर्थातच लोपली. रुंद रस्ते भूकंपाच्या दृष्टीने आवश्यक होते, याविषयी दुमत नसावे. बसण्याच्या जागांची उणीव भरून काढली ती कोणत्याही मंजुरीवाचून, पत्रे आणि बांबू यांच्या जोरावर, या हॉटेलांनी. तेथेच सोयाबीनचा भाव कळतो, फेरफाराची नक्कल कोणत्या खिडकीवर मिळेल ते कळते, सोयरीक जुळते आणि मोडते, आणि एक चहा दोघांत घेऊन दोन तास बसलेल्या माणसास कोणी ऊठ म्हणत नाही.

उधारीचे खाते मालकाच्या गल्ल्याखाली होते. आम्ही पैसे देऊ लागताच स्नेह्यांनी माझा हात धरला, मी त्यांचा धरला, आणि ही झटापट चालू असता पलीकडच्या बाकड्यावरील एका अनोळखी गृहस्थाने, "पाव्हण्याचं आमच्यात लिव्हा," असे सांगून वाद निकालात काढला.

मालकाची तक्रार एकच होती, पाण्याची, आणि तिची साक्ष रेल्वेचे रूळही देतील. 1911 साली बार्शी लाईट रेल्वेची अरुंद वाट लातुरास पोहोचली आणि 1927 मध्ये मिरजेशी जोडली गेली. 2016 च्या दुष्काळात, एप्रिल महिन्यात, त्याच दिशेने, आता रुंद झालेल्या रुळांवरून, मिरजेचे पाणी रेल्वेच्या टाक्यांतून लातूर शहरास आणावे लागले. त्या उन्हाळ्यात कपबश्या विसळण्यास पाणी नसल्यामुळे मालकाने कागदी पेले आणले, आणि पाऊस पडल्यावरही ते गेले नाहीत. बशी मागून घ्यावी लागते, ती मिळते.

वाचकांपैकी कोणी स्मारक पाहण्यास किल्लारीस गेलाच, तर त्याने प्रथम हॉटेलात बसावे, चहा मागवावा, आणि भूकंपाचा विषय आपण होऊन काढू नये. सांगावयाचे असेल त्यास सांगू द्यावे, आणि तो सोयाबीनच्या भावाविषयी बोलू लागला तर तेही तितक्याच लक्षपूर्वक ऐकावे.